एम.डी.च्या परीक्षेला मी बसलो!

एकतीस वर्षे नाशिकच्या एका शाळेत गणित शिकवून मी पोरांच्या परीक्षा घेतल्या. त्याचे उट्टे काढावे म्हणून की काय, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी दैवाने मला थेट एम.डी.च्या परीक्षेला बसवले! बसवले म्हणजे अक्षरशः बसवले. मुंबईच्या एका रुग्णालयात, लोखंडी खाटेच्या कडेला, एक पाय खाली सोडून आणि दुसरा काढून शेजारी ठेवून. कारण डॉक्टरांच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका जिवंत असते, आणि त्या दिवशीची प्रश्नपत्रिका मी होतो.

गंमत अशी की, ही परीक्षा घेणारे विद्यापीठ माझ्याच गावचे. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या दिंडोरी रोडवर म्हसरूळला उभे आहे. त्या फाटकासमोरून मी शेकडो वेळा गेलो असेन. पण आत कसल्या परीक्षांचे निकाल लागतात, याची कधी चौकशी केली नव्हती. माणसाला पायाची किंमतसुद्धा तो जाईपर्यंत कळत नाही, तिथे विद्यापीठाचे काय!

माझा पाय मधुमेहाने नेला. निमित्त नव्या चपलेचे. अंगठ्याला लागले, चिघळले, आणि अखेर गुडघ्याखाली पाय कापावा लागला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. टाके निघाले, आणि 'आता घरी जा' म्हणून सांगितले गेले. पुढे काय, हे मात्र ना कोणी सांगितले, ना आम्ही विचारले. आमच्या सौभाग्यवतींनी मायेने गुडघ्याखाली मऊ उशी दिली. महिनाभर त्या उशीवर गुडघा वाकून राहिला, आणि तसाच आखडला. पुढे एका शिबिरात कृत्रिम पाय मिळाला, पण वाकलेल्या गुडघ्याला तो बसेना. तो माळ्यावर गेला, गणपतीच्या मखराशेजारी. मी खिडकीशी गेलो.

दीड वर्षाने भाचा मुंबईला घेऊन गेला, तेव्हा कळले की, या 'पुढे काय'चेच एक शास्त्र आहे. त्याला पुनर्वसन वैद्यक म्हणतात आणि एम.बी.बी.एस. झाल्यावर तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून राबून ते शिकावे लागते. गुडघा सरळ कसा करायचा, उरलेल्या पायाला पट्टी खाली घट्ट आणि वर सैल का बांधायची, कृत्रिम पायाचा भार टोकावर न घेता वाटीखालच्या स्नायुबंधावर कसा घ्यायचा, हे सारे त्या शिक्षणात येते.

आपल्याकडे ही विद्या तशी अलीकडची. दुसऱ्या महायुद्धातील जखमी जवानांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. मूळच्या अमेरिकन, पण निंबकरांच्या घरी सून म्हणून आलेल्या कमलाबाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. हाजी अलीची अखिल भारतीय संस्था १९५५ ची. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ मध्ये अपघाताने कमरेखाली लुळ्या झाल्या. चाकाच्या खुर्चीतून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचे शिक्षण घेतले आणि परत येऊन ते इतरांना दिले. आणि मांडी घालणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या आपल्या माणसांना साजेसा 'जयपूर फूट' १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला.

असो. परीक्षेच्या दिवशी माझ्या वाट्याला एक पोरगेली डॉक्टरीण आली. रात्रभर झोपली नसावी. मी मनाशी ठरवले होते की, पोरीला त्रास द्यायचा नाही. दुखते-खुपते काही नाही असेच सांगायचे. साखर, रक्तदाब विचारून झाल्यावर तिने विचारले,

"काका, घराचा उंबरा केवढा आहे? जेवायला पाटावर बसता की टेबलावर? आणि पाय लावून तुम्हांला जायचंय कुठं?"

दीड वर्षात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "गंगेवर. बुधवारच्या बाजाराला."

ते तिने कागदावर लिहून घेतले. मग कृत्रिम पायाकडे न वळता ती खाली बसली आणि माझा धडका पाय हातात घेऊन बोटांच्या बेचक्या उघडून पाहू लागली. करंगळीखाली एक फोड होता. मला त्याचा पत्ताच नव्हता. मधुमेहाने तिथली संवेदना गेली होती. पहिल्या पायाची कहाणीही अशीच सुरू झाली होती.

चार परीक्षक आले. एकांनी विचारले, "या रुग्णाची मुख्य अडचण कोणती?"

"सर, यांचा उरलेला पाय," ती म्हणाली. "तो वाचला तरच हे बाजाराला जातील. उतरताना कृत्रिम पाय आधी, चढताना चांगला पाय आधी, हे पायऱ्यांवर शिकवीन. पण त्याआधी या फोडावर उपचार आणि पायाला योग्य पादत्राण."

परीक्षक काही बोलले नाहीत. फक्त वाकून त्यांनीही तो फोड पाहिला.

फोड पंधरा दिवसांत बरा झाला. पुढे निकाल लागला, आणि तिचा फोन आला, "काका, आपण पास झालो!"

वाचकहो, तुमच्या घरी मधुमेही माणूस असेल, तर रोज रात्री त्याचे तळपाय दिव्याच्या उजेडात पाहा. आणि दुर्दैवाने कोणाचा पाय गेलाच, तर मायेपोटी गुडघ्याखाली उशी देऊ नका.

यंदा पणत्या आणायला आमच्या सौभाग्यवती निघाल्या होत्या. मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली. वार बुधवार होता.