चाळिशीत लाठी हाती घेताना

मर्दानी खेळ पोरांनी शिकावेत आणि मोठ्यांनी ते कौतुकाने पाहावेत, अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे. बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते, तेव्हा ही समजूत डोळ्यांना दिसते. रिंगणात लाठी फिरविणारे बहुधा शाळेच्या वयाचे मुलगे व मुली असतात. भोवती उभे राहून माना डोलावणारे चाळिशी-पन्नाशीचे असतात. या दुसऱ्या मंडळींपैकी कोणी रिंगणात पाऊल टाकावयाचे ठरविले, तर ते शक्य आहे काय, आणि कोणत्या क्रमाने, याचा विचार आज करावयाचा आहे.

आपला सीमाभाग या विद्येला परका नाही. बेळगावात आनंदवाडीचा आखाडा कुस्तीच्या मैदानांमुळे सर्वांना ठाऊक आहे. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर. वाटेत कागल लागते. तेथील घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले आणि मल्लांना आश्रय दिला. कुस्तीबरोबरच लाठी, फरी-गदका, दांडपट्टा, भाला हे खेळही त्या भागात जिवंत राहिले.

मग प्रौढ नवख्याने यांतले काय निवडावे? तालमीतील जोर-बैठका कोणालाही हितकारकच. परंतु कुस्तीच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याचा सारा भार मान, खांदे व गुडघे यांवर येतो. तो भार सोसावयाची सवय लहानपणापासून लागलेली बरी. लाठीचे तसे नाही. तेथे आरंभी प्रतिस्पर्धी नसतोच. आपण, आपली वेळूची काठी आणि हातभर मोकळी जागा, एवढ्यावर कित्येक आठवडे जातात. म्हणून उशिरा आरंभ करणाऱ्याला लाठी हे सोयीचे प्रवेशद्वार होय.

प्रवेश करण्यापूर्वी शरीराचा एक नियम समजून घ्यावा. व्यायामाने स्नायू काही आठवड्यांतच बळावतात. परंतु स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे आणि सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सावकाश घट्ट होतात. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात नवख्याला वाटते की अंगात बळ आले. आणि नेमक्या त्याच उत्साहात मनगट किंवा खांदा दुखावतो. तरुणाचे असे दुखणे लवकर बरे होते, चाळिशीतले रेंगाळते. यास्तव आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी अर्धा तास, आणि आरंभी अंग चांगले गरम करणे, एवढे पथ्य पाळावे. रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याची जुनी तक्रार असल्यास वैद्यकीय सल्ला आधी घ्यावा.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू. चांगला वस्ताद काठी लगेच फिरवू देत नाही. प्रथम तो पवित्रा शिकवितो. दोन पावलांत अंतर, गुडघे किंचित वाकलेले, पाठ ताठ. याचे कारण साधे आहे. पायांतील अंतराने आधार रुंद होतो आणि गुडघे वाकल्याने शरीराचा गुरुत्वमध्य खाली येतो. मग वळताना तोल जात नाही. पवित्रा अंगवळणी पडला की एका हाताने काठी फिरविणे, मग हात बदलणे, मग पाऊल टाकीत फिरविणे, असा क्रम येतो. दांडपट्टा फार पुढचा. पट्ट्याची मूठ पोलादी खोबणीत असते आणि हात जवळजवळ कोपरापर्यंत झाकला जातो. त्यामुळे मनगट मोकळे राहत नाही आणि वार खांद्यातून व पावलांतून काढावा लागतो. ज्याची पावले पक्की नाहीत, त्याच्या हाती पट्टा देणे म्हणजे त्याला व शेजाऱ्याला धोक्यात घालणे होय.

ही शिस्त केवळ आपलीच नव्हे. जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोडोकान ही संस्था स्थापून ज्युदोचा पाया घातला. त्या विद्येत दुसऱ्याला पाडण्याआधी, स्वतःला इजा न होता पडावे कसे, हे शिकवितात. नवखा विशीचा असो वा पन्नाशीचा, त्याच्या कमरेला पांढराच पट्टा बांधला जातो. तेथे वय मोजले जात नाही, शिक्षण मोजले जाते.

प्रौढाला हेच सर्वांत जड जाते. त्याचे गुडघे वाकतात, पण मान वाकत नाही. अशा वेळी खाशाबा जाधवांचे उदाहरण आठवावे. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा मातीतल्या कुस्तीत ते मुरलेले होते. परंतु मॅटवरील कुस्ती आणि तिचे नियम त्यांना नवे होते. सहाव्या क्रमांकावर ते थांबले. मिळविलेली कीर्ती बाजूस ठेवून त्यांनी नव्याने धडे गिरविले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मी व्यवसायाने शिक्षक. चाळिशी उलटल्यावर मी लाठी हाती घेतली. आमचे वस्ताद माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, आणि रांगेत माझ्या शेजारी सहावीतली मुले. तालमीत मारुतीची तसबीर, मी ख्रिस्ती. पहिल्या दिवशी वस्ताद एवढेच म्हणाले, ‘सर, तुम्ही तुमच्या रीतीने मातीला हात लावा आणि उभे राहा.’ इतर मुलांना जमलेली गोष्ट आपल्यालाच जमत नाही, हे रोज अनुभवल्यापासून वर्गातल्या मागच्या बाकाकडे मी अधिक धीराने पाहू लागलो आहे.

परंतु हा प्रश्न एकट्याच्या आरोग्याचा किंवा विनयाचा नाही. ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाते. बडोद्याच्या मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे अनेक खंड सिद्ध केले, ते मोलाचेच. तरी मनगटाचे वळण चित्र पाहून येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, हेही उचित झाले. पण मानाने शस्त्र जपले जाते, हात तयार होत नाहीत. तालमीत येणारी मुले दहावी-बारावी होताच पुण्याला, बेंगळुरूला जातात. वस्तादाची चार-सहा वर्षांची मेहनत त्यांच्याबरोबर गाव सोडते. मागे गावात कोण राहतो? दुकानदार, शेतकरी, शिक्षक, संसार सांभाळणाऱ्या गृहिणी. यांच्यापैकी कोणी उत्तम खेळाडू होणार नाही कदाचित. पण पुढच्या पिढीला पवित्रा नीट दाखविण्याइतके शिक्षण त्यांना निश्चित साधेल, आणि ते गावातच राहील.

म्हणून जवळच्या तालमीची चौकशी करावी, वस्तादांची परवानगी घ्यावी आणि पहिला महिना केवळ उभे राहावयाला शिकावे. काठी फिरेल, तिला घाई नाही.