हत्तीची सोंड आणि तिरपा उजेड

१९११ साली पंचम जॉर्जच्या नावाचा नवा रुपया चलनात आला आणि लवकरच सरकारला तो मागे घ्यावा लागला. घोटाळा केला होता एका हत्तीने. राजाच्या झग्यावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ची साखळी कोरलेली होती आणि तिच्यात एक बारकासा हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात नाराजी पसरली, टांकसाळीत पडून असलेले रुपये वितळवले गेले आणि १९१२च्या रुपयावर सोंड लांब करून हत्तीला हत्तीपण परत दिलं गेलं. संग्राहकांच्या तोंडी १९११चा तो रुपया आजही ‘पिग रुपी’ आहे.

त्या रुपयाचा व्यास ३० मिलिमीटरहून थोडा जास्त. त्यात राजा, राजाच्या अंगावर झगा, झग्यावर साखळी आणि साखळीत हत्ती. म्हणजे हत्तीच्या वाट्याला जेमतेम काही मिलिमीटर येतात. १९१२मधला शेवटचा आकडा घासून त्याचा एक करणं एखाद्या लबाडाला जमू शकेल, पण आखूड सोंड त्याला नव्याने घडवता येणार नाही. म्हणून जाणकार आधी साल पाहत नाही, सोंड पाहतो. पूर्वी त्यासाठी जवाहिऱ्याचं भिंग डोळ्याला लावावं लागे, आणि जे दिसलं ते दिसलेल्या माणसापाशीच राही. आता वायर असलेली एक छोटी नळी घरच्या कॉम्प्युटरला जोडली की तीच सोंड पडदाभर दिसते आणि फोटो म्हणून साठवताही येते. ही नळी म्हणजे यूएसबी मायक्रोस्कोप.

ही कल्पना घराघरांत नेली ती एका खेळण्याने. १९९९ साली इंटेलने मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीबरोबर ‘क्यूएक्स-३’ नावाचा मायक्रोस्कोप काढला. १०, ६० आणि २०० पट अशा तीन पायऱ्यांचा, मुलांनी मुंगीचे पाय नि मिठाचे दाणे पाहावेत म्हणून. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नळ्यांची रचना त्याहून साधी आहे. एका टोकाला छोटं भिंग, त्याच्याभोवती पांढऱ्या एलईडी दिव्यांचं कडं, आत वेबकॅममध्ये असतो तसा सेन्सर, फोकससाठी फिरवायची चकती आणि दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं छोटं चाक. बहुतेक कॉम्प्युटर तिला वेबकॅमच समजतात, त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर टाकलं नाही तरी विंडोजचं कॅमेरा अॅप, मॅकचं क्विकटाइम किंवा लिनक्सवरचं चीज तिचं चित्र दाखवतं.

खोक्यावर ‘१००० एक्स’ असं ठळक छापलेलं असतं. ते मनावर घेऊ नये. किती पट मोठं दिसतं हे पडद्याच्या रुंदीवरही अवलंबून असतं. नाण्याचा १० मिलिमीटर रुंद भाग ३० सेंटिमीटरच्या पडद्यावर पसरला तर तो ३० पट झाला. तोच फोटो भिंतीवर टाकला तर ३०० पटही होईल, पण एकही नवी रेघ दिसणार नाही. खरा प्रश्न असतो तो एका मिलिमीटरमागे किती पिक्सेल येतात हा. ६४० पिक्सेल रुंदीच्या चित्रात १० मिलिमीटर बसवले तर मिलिमीटरला ६४ पिक्सेल मिळतात. रुंदी १९२० असेल तर १९२. खोक्यावर लिहिलेले मेगापिक्सेलही पुष्कळदा सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात. स्टीलच्या पट्टीचा एक फोटो काढला की खरं खोटं कळतं, आणि मोजमापाची सोयही होते. फोकस न हलवता आधी पट्टी आणि मग नाणं टिपलं, तर इमेजजेसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये अक्षराची उंची थेट मोजता येते. नाण्यासाठी २० ते ५० पट बहुधा पुरतं. त्यापलीकडे दिसतात ते धातूवरचे ओरखडे, आणि प्रत्येक नाण्यावर ते असतातच.

मोठं करणं हे या कामातलं सोपं अंग. अवघड आहे ते उजेड पाडणं.

नाणं म्हणजे चकाकणाऱ्या धातूवरचा, मिलिमीटरच्या अंशात मोजावा लागणारा उठाव. नळीच्या टोकाचं दिव्यांचं कडं त्यावर सगळ्या बाजूंनी सारखा उजेड टाकतं, सावली कुठेच उरत नाही आणि उठाव सपाट होऊन जातो. शिवाय नव्या नाण्यावर दिव्यांची प्रतिबिंबं पांढऱ्या ठिपक्यांच्या माळेसारखी उमटतात आणि हवं तेच अक्षर त्यांच्याखाली झाकलं जातं. ही अडचण मायक्रोस्कोपच्या आधीची आहे. ब्रिटिश म्युझियमच्या जुन्या नाणेसूचींतली कित्येक छायाचित्रं नाण्यांची नाहीतच. नाण्यावरून प्लास्टरचे ठसे घेऊन त्यांचे फोटो काढलेले आहेत, कारण प्लास्टर चकाकत नाही आणि उठाव मात्र तसाच राहतो.

घरच्या टेबलावर उपाय सोपे आहेत. नळीचे दिवे पार मंद करायचे आणि टेबललॅम्प बाजूला, नाण्याच्या जवळजवळ पातळीत आणायचा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात शेतातल्या सऱ्या उठून दिसाव्यात तशी झिजलेली अक्षरं वर येतात. चकचकीत नाण्याला मात्र हा उजेड फार कडक होतो, तिथे दिवा आणि नाणं यांच्यामध्ये बटर पेपर धरायचा. आरशासारख्या नाण्यासाठी भिंग आणि नाणं यांच्यामध्ये स्वच्छ काच ४५ अंशांत तिरपी धरून तिच्यावर बाजूने उजेड टाकतात. काच तो खाली वळवते आणि नाणं सरळ वरून उजळतं.

दिव्याची बाजूही निवडावी लागते. उजेड वरून येतो असं आपला मेंदू गृहीत धरतो. दिवा चित्राच्या खालच्या बाजूला गेला की उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसू लागतात. म्हणून नाण्यांच्या फोटोत उजेड सहसा वरून डावीकडून पाडतात. एकच नाणं दोन दिशांच्या उजेडात टिपलं तर मात्र मळ कुठला, ओरखडा कुठला आणि टांकसाळीची खूण कुठली हे वेगळं करता येतं.

याचा उपयोग रोजच्या चिल्लरवर करून पाहावा. सालाखाली चौकट असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. खूणच नसेल तर कोलकात्याचं. हातोहात फिरून चौकटीचे कोपरे झिजले की ती ठिपक्यासारखी दिसू लागते आणि मुंबईचं नाणं नोएडाच्या नावावर जमा होतं. नोएडाची टांकसाळ १९८८पासूनची, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यावर हा घोळ साल पाहूनच मिटतो. नंतरच्या नाण्यावर तिरपा उजेड एकदा डावीकडून आणि एकदा चित्राच्या वरच्या बाजूने टाकला की उरलेसुरले कोपरे दिसतात.

व्हिक्टोरिया राणीच्या १८६२च्या रुपयात तर सगळा खेळच ठिपक्यांचा. १८६२ हे साल ठशावर कायम ठेवून रुपये १८७४पर्यंत पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीने खरं साल कळावं म्हणून सालाच्या वर-खाली बारीक ठिपके घातले, असं नाणेतज्ज्ञ मानतात. इथे एक ठिपका सुटला तर साल चुकतं, आणि धातूचा कण ठिपका समजला तरीही चुकतं.

शिवराई या तांब्याच्या नाण्याची तऱ्हा निराळी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांची कड. ठसे हाताने कोरलेले, म्हणून ‘श’चं वळण, ‘र’चा पाय, वेलांटीची उंची ठशागणिक बदलते. ठसा बहुधा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच सापडतो. दोन शिवराया एकाच मापात टिपून पडद्यावर एकावर एक ठेवल्या तर त्या एकाच ठशाच्या आहेत का, हे ताडून पाहता येतं. पूर्वी हे काम संग्रहालयात बसून करावं लागे.

तांब्याचं भांडं चिंचेने उजळायची आपली सवय शिवराईवर उतरली की मात्र मायक्रोस्कोप ते लगेच सांगतो. आम्लाने खाल्लेला उघडा लालसर धातू, बारीक खड्डे आणि घासल्याच्या एका दिशेने गेलेल्या रेघा त्यात दिसतात. अशा नाण्याची किंमत आणि पुरावा दोन्ही जातात. म्हणून फोटोसाठी नाणं उजळू नये. कडेने धरावं आणि धूळ फुंकणीने उडवावी.

नकली नाण्याचा माग इथेच लागतो. टांकसाळीत पाडलेल्या नाण्यात दाबाने धातू कडेकडे सरकलेला असतो, त्याच्या बारीक रेघा तिरप्या उजेडात दिसतात. ओतून केलेल्या नकलेत त्या नसतात. तिथे हवेच्या बुडबुड्यांचे गोल खड्डे आणि मऊ पडलेल्या अक्षरांच्या कडा दिसतात. पण निकाल फोटोवर देऊ नये. व्हिक्टोरियाच्या किंवा पंचम जॉर्जच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम असायला हवं आणि ते सांगायला वजनकाटाच लागतो.

यंत्राच्या मर्यादा आहेत. पूर्ण नाण्याचा देखणा फोटो मोबाइल किंवा स्कॅनर जास्त चांगला काढतो. मायक्रोस्कोप भागांचं यंत्र आहे. जास्त मोठं करताना अक्षराचा माथा स्पष्ट झाला की तळ पुसट होतो, म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो काढून ते सॉफ्टवेअरने जोडावे लागतात. लवचीक दांड्याचं स्टँड हळूहळू खाली येतं, नळीवरचं बटण दाबलं की चित्र हलतं. जड बैठकीचं स्टँड घ्यावं आणि फोटो कीबोर्डवरून काढावा.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. पण कित्येक नाणी अजून घरांच्या डब्यांत आहेत आणि त्यांची कुठेच नोंद नाही. त्या डब्यांसाठी ही नळी उपयोगाची, पण एका अटीवर. फोटोबरोबर नाण्याचं वजन, व्यास, मापाची पट्टी आणि उजेडाची दिशा लिहून ठेवायला हवी. एवढं असेल तर ज्याने ते नाणं कधी हातात घेतलं नाही त्यालाही तुमचा निष्कर्ष तपासता येतो, आणि पटला नाही तर तुमच्याशी भांडता येतं.