धडधडीचा पत्ता शोधताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बसल्या जागी छाती धडधडू लागते, मोजता येऊ नये इतकी नाडी पळते आणि दहा-वीस मिनिटांनी जशी आली तशी ती धडधड थांबते. ठाकुर्लीहून रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला अशा वेळी घरचे-दारचे सगळे एकच सांगतात: दगदग कमी कर, जेवणाच्या वेळा पाळ, टेन्शन घेऊ नकोस. सल्ला प्रेमाचा असतो, पण अनेकदा तो चुकीच्या दुखण्यावरचा असतो. वेगवान ठोक्यांच्या बऱ्याच प्रकारांवर आज पक्का इलाज आहे. मात्र धडधड हृदयात कुठून निघते आणि कोणत्या वाटेने फिरते हे सिद्ध झाल्यावरच तो लागू पडतो. हे सिद्ध करण्याचे साधन म्हणजे ईपी स्टडी ही हृदयाच्या विद्युत व्यवस्थेची तपासणी आणि तिच्यातले मॅपिंग, म्हणजे हृदयातल्या विद्युत संदेशांचा नकाशा. त्याविषयीचे गैरसमज काहींना इलाजापासून दूर ठेवतात आणि काहींना भलत्या अपेक्षेने तिकडे नेतात.

गैरसमज १: ईसीजी, इको, अँजिओग्राफी सगळे नॉर्मल, म्हणजे हा मनाचाच खेळ.

अँजिओग्राफी रक्तवाहिन्यांतले अडथळे दाखवते, टू-डी इको झडपा आणि स्नायूंचे काम दाखवते. ठोक्यांची वेळ ठरवणारी विद्युत व्यवस्था या दोन्हींत दिसत नाही. ईसीजीत ती दिसते, पण साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो. वरच्या कप्प्यांशी निगडित वेगवान ठोक्यांच्या आजाराच्या, म्हणजे एसव्हीटीच्या, सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या गाठीपाशी एक जलद आणि एक संथ अशा दोन वाटा असतात. संदेश एकीने खाली आणि दुसरीने वर असा फिरत राहिला की ठोके मिनिटाला दीडशे-दोनशेवर जातात. धडधडीचा झटका नसताना या माणसाचा ईसीजी अगदी स्वच्छ येतो. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एसव्हीटी सिद्ध झालेले १०७ रुग्ण तपासले गेले. त्यांतल्या ६७ टक्के लोकांची लक्षणे ‘पॅनिक डिसऑर्डर’च्या निकषांत बसत होती आणि निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत निसटला होता. हे निसटणे पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या बाबतीत जास्त होते. भीतीनेही छाती धडधडते, हा आक्षेप खरा आहे. पण भीतीची धडधड चढत जाते आणि हळूहळू उतरते. एसव्हीटी एका ठोक्यात सुरू होते आणि एका ठोक्यात थांबते. हा फरक विचारून कळतो आणि झटक्याच्या वेळी काढलेल्या ईसीजीने पक्का होतो.

गैरसमज २: मॅपिंग म्हणजे हृदयाचा आणखी एक स्कॅन.

स्कॅनमध्ये रुग्ण पडून राहतो आणि यंत्र चित्र काढते. मॅपिंगमध्ये हृदयाला प्रश्न विचारले जातात. जांघेतल्या शिरेतून दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या तारा, म्हणजे कॅथेटर, हृदयात नेतात. त्यांच्या टोकांवरचे इलेक्ट्रोड त्या-त्या जागी संदेश कधी पोहोचला हे मिलिसेकंदांत नोंदवतात. कल्याणला आधी, मग ठाकुर्लीला, मग डोंबिवलीला अशी गाडीची वेळ नोंदली गेली, तर गाडी न पाहताही ती कुठून कुठे चालली आहे हे सांगता येते. हृदयातही जागोजागच्या वेळा जुळवून संदेशाची दिशा ठरते. त्यासाठी कॅथेटरमधून बारीक विद्युत ठोके देऊन झटका मुद्दाम सुरू करतात, कारण न आलेल्या झटक्याचा नकाशा काढता येत नाही. १९६७ साली ॲमस्टरडॅममध्ये डुरेर आणि पॅरिसमध्ये कुमेल यांनी असे ठरवून ठोके देऊन झटका सुरू करता आणि थांबवता येतो हे दाखवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. सीली यांनी उघड्या हृदयावर हाताने इलेक्ट्रोड फिरवून जन्मजात जादा वाट शोधली आणि ती कापली. तेव्हापासून साधने पार बदलली, पण आधी जागा सिद्ध करायची आणि मग हात लावायचा, हा क्रम कायम आहे.

गैरसमज ३: संगणक रंगीत नकाशा काढतो, डॉक्टरांनी फक्त लाल ठिपका जाळायचा.

१९९७ मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने कॅथेटरची जागा मिलिमीटरपर्यंत अचूक ओळखणारी त्रिमितीय पद्धत प्रसिद्ध झाली. त्यानंतर पडद्यावर हृदयाचा कप्पा रंगांत दिसू लागला: आधी जागा होणारा भाग लाल, सर्वांत उशिरा जागा होणारा जांभळा. झटका एकाच बिंदूतून उगवत असेल तर लाल जागा बहुधा मूळ असते. पण संदेश गोल फिरत असेल तर वर्तुळाला पहिला बिंदूच नसतो. मोजणी जिथून सुरू केली तिथे लाल येते आणि तिला खेटून जांभळा. मोजणीची सुरुवात बदलली की लाल जागा सरकते. म्हणून रंगावर विसंबता येत नाही, परीक्षा घ्यावी लागते. समजा झटक्यात दर ३०० मिलिसेकंदांनी ठोका पडतो आहे. संशयित जागेवरून किंचित घाईने, २८० मिलिसेकंदांच्या अंतराने, ठोके देतात आणि मग थांबतात. संदेश त्याच जागी ३०० ते ३३० मिलिसेकंदांत परतला, तर जागा वर्तुळाच्या वाटेवर आहे. चारशे लागले, तर ती जागा वाटेबाहेरची आहे आणि तिथे जाळून उपयोग नाही. संगणक हजारो बिंदू मांडून देतो. त्यांतला कोणता खरा, हे असे प्रश्न विचारणारा प्रशिक्षित माणूस ठरवतो. केंद्र निवडताना यंत्राच्या नावापेक्षा तिथे ईपीचे प्रशिक्षण घेतलेले हृदयरोगतज्ज्ञ आहेत का, हे विचारावे ते यासाठीच.

गैरसमज ४: हृदयात जाळणे म्हणजे जिवाशी खेळ, त्यापेक्षा जन्मभर गोळ्या बऱ्या.

‘जाळणे’ या शब्दाने धडकी भरते. प्रत्यक्षात रेडिओलहरींनी कॅथेटरच्या टोकापाशी पन्नास अंशांवर उष्णता निर्माण करून काही मिलिमीटरचा ठिपका संदेश वाहण्यास असमर्थ करतात; यालाच ॲब्लेशन म्हणतात. छाती उघडावी लागत नाही. वर सांगितलेल्या दोन वाटांच्या प्रकारात शंभरात पंचाण्णवांहून अधिक रुग्णांचा झटका कायमचा थांबतो. मुख्य धोका असा की निरोगी वाट शेजारीच असते. तिला इजा होऊन पेसमेकर लागण्याची वेळ शंभरात एखाद्यावर येते, अनुभवी हातांत त्याहूनही कमी जणांवर. गोळ्या निरुपद्रवी असतात असे मात्र मानता येत नाही. अमेरिकेतल्या कास्ट या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना जादा ठोके दाबणाऱ्या गोळ्या दिल्या. १९९१ च्या अहवालानुसार गोळ्या घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू झाले, तर खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. ठोके दबले, माणसे वाचली नाहीत. याचा अर्थ प्रत्येकाने ॲब्लेशन करून घ्यावे असा नाही. वर्षातून एखादा छोटा झटका येणाऱ्याला काहीच न करणे हाही रास्त निर्णय असतो. पण तो निदान झाल्यावर घ्यावा, घाबरून नव्हे.

गैरसमज ५: एकदा ॲब्लेशन झाले की सगळ्या गोळ्या बंद.

इथे आजाराचा प्रकार महत्त्वाचा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचे कप्पे थरथरत राहतात. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी त्याची ठिणगी असते, हे १९९८ साली फ्रान्समध्ये हायसागेर यांच्या गटाने दाखवले. त्या शिरा विद्युतदृष्ट्या वेगळ्या केल्या तरी काहींना आजार परत येतो. मग ॲब्लेशन हा नुसता मनाचा दिलासा का? २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या १२६ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांवर खरे आणि निम्म्यांवर नाममात्र ॲब्लेशन झाले. सहा महिन्यांत आजाराचा भार खऱ्या गटात सुमारे ६० टक्के आणि नाममात्र गटात ३५ टक्के घटला. दिलाशाचा वाटा मोठा आहेच, पण खऱ्या इलाजाने त्यात आणखी स्पष्ट भर पडते. तरीही पक्षाघाताचा धोका वय, मधुमेह, रक्तदाब यांवर ठरतो, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून सोडू नये. आपल्याकडे लहानपणच्या संधिवाती तापाने झडप आकसलेल्यांत हा आजार खूप दिसतो. त्यांच्यासाठी जुन्या वॉरफरिन गटातली औषधेच सरस ठरल्याचे भारतातल्याही रुग्णांचा समावेश असलेल्या चाचणीने २०२२ मध्ये दाखवले.

गैरसमज ६: हे मुंबईच्या मोठ्या इस्पितळाचे काम, इथे कल्याण-डोंबिवलीत करण्यासारखे काही नाही.

मॅपिंगसाठी परळच्या केईएमसारख्या मोठ्या इस्पितळात जावे लागेल हे खरे, पण नकाशाचा पहिला बिंदू इथेच मिळतो. झटका चालू असताना काढलेला एक ईसीजी नंतरच्या दहा तपासण्यांपेक्षा जास्त सांगतो. म्हणून धडधड सुरू झाली की परळची गाडी पकडू नये. डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा कोपऱ्यावरचा ईसीजी असलेला दवाखाना, जे जवळ असेल ते गाठावे. चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे असेल तर थेट १०८ ला फोन करावा. झटका थांबवण्याचे इंजेक्शन देताना ईसीजीची पट्टी चालू ठेवा, अशी विनंती नातेवाइकांनी जरूर करावी, कारण झटका कसा तुटतो यातूनच त्याची वाट कळते. त्या कागदावरची नोंद कालांतराने फिकी पडते, म्हणून लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे इस्पितळातल्या आरोग्यमित्राला प्रवेशाआधीच विचारावे. ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणण्याआधी ‘झटक्यातला ईसीजी काढलास का?’ हे विचारण्याची सवय घराघरांत आणि दवाखान्यांत लागली, तर कित्येकांची गोळ्या आणि भीती यांत जाणारी वर्षे वाचतील.