बंदिस्त जागेतील वनस्पतिवाढीसाठी घरगुती एलईडी प्रकाशयोजना : तत्त्व, रचना आणि मर्यादा

प्रस्तावना :

महानगरांतील अनेक सदनिकांमध्ये, तसेच महाविद्यालयांच्या आतील बाजूच्या प्रयोगशाळांमध्ये सूर्यप्रकाश पुरेसा पोहोचत नाही. अशा ठिकाणी पेरलेली मेथी उगवते. परंतु तिची रोपे लांबट, फिकट व दुबळी होऊन काही दिवसांतच कोलमडतात. अशा वेळी पाणी किंवा खत वाढविण्याकडे सामान्यतः कल असतो. प्रत्यक्षात उणीव प्रकाशाची असते. प्रस्तुत लेखात ६० सें.मी. लांब व ४० सें.मी. रुंद अशा एका कप्प्यासाठी घरच्या घरी एलईडी दिवा कसा तयार करता येतो, याचे शास्त्रीय विवेचन केले आहे.

डोळ्याचा प्रकाश आणि पानाचा प्रकाश :

दिव्यांनी उजळलेल्या वर्गखोलीत साधारणपणे ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो, तर दुपारच्या स्वच्छ उन्हात तो सुमारे एक लाख लक्सपर्यंत जातो. डोळा प्रकाशाशी जुळवून घेत असल्याने हा दोनशे पटींचा फरक माणसास जाणवत नाही. शिवाय लक्स व ल्यूमेन ही मापे मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर आधारलेली आहेत. प्रकाशसंश्लेषण मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किती प्रकाशकणांचा पानावर वर्षाव होतो, यावर अवलंबून असते. हे प्रमाण दर चौरस मीटरला दर सेकंदास किती मायक्रोमोल, असे मोजतात.

पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत १ मायक्रोमोल म्हणजे स्थूलमानाने ६५ ते ७० लक्स होय. यावरून ४०० लक्सच्या खोलीत रोपाला केवळ ६ मायक्रोमोल प्रकाश मिळतो. ऊन मानवणाऱ्या वनस्पतींचा प्रकाश-संतुलनबिंदू सुमारे १० ते २० मायक्रोमोल असतो. त्याखाली श्वसनात खर्च होणारे अन्न तयार होणाऱ्या अन्नापेक्षा अधिक असते. बीजातील साठा संपताच रोपाची उपासमार सुरू होते, ती या कारणाने.

प्रकाशाचा रंग :

हरितद्रव्य मुख्यत्वे निळा व तांबडा प्रकाश शोषते. म्हणून जांभळट दिसणारे तांबडे-निळे दिवेच वनस्पतींस योग्य, असा समज रूढ आहे. तथापि मॅक्री यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांतून अखंड पानात हिरवा प्रकाशही लक्षणीय प्रमाणात उपयोगी पडतो, हे स्पष्ट झाले. पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचा काही भाग स्फुरदीप्त लेपामुळे हिरव्या, पिवळ्या व तांबड्या प्रकाशात रूपांतरित होतो. त्यामुळे घरगुती रचनेसाठी ४००० केल्विनच्या आसपासचा साधा पांढरा एलईडी पुरेसा ठरतो. या प्रकाशात पानांवरील रोग व कीडही सहज ओळखता येते.

गरजेचे गणित :

पालेभाज्यांच्या रोपांसाठी १५० मायक्रोमोल ही पातळी दररोज १४ तास ठेवल्यास दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे ७.५ मोल प्रकाश मिळतो. कप्प्याचे क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर आहे. म्हणजे दर सेकंदास ३६ मायक्रोमोल आवश्यक आहेत. दिव्याचा ७० टक्के प्रकाश रोपांपर्यंत पोहोचतो असे धरल्यास दिव्यातून सुमारे ५१ मायक्रोमोल बाहेर पडावे लागतात. प्रतिवॅट १०० ल्यूमेन देणाऱ्या पट्ट्यांसाठी हे प्रमाण सुमारे ३६ वॅट भरते.

रचना व सुरक्षितता :

१२ व्होल्टच्या पट्टीत सामान्यतः तीन एलईडी व एक रोधक एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक एलईडीवर सुमारे ३ व्होल्ट खर्च होतात आणि उरलेले ३ व्होल्ट रोधकात उष्णतेच्या रूपाने जातात. ही हानी असली तरी रोधकामुळे प्रवाह मर्यादेत राहतो. प्रत्येकी सुमारे ६ वॅटच्या सहा पट्ट्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर समान अंतरावर चिकटवाव्यात. एलईडी तापल्यास प्रकाश व आयुष्य दोन्ही घटतात; म्हणून पत्र्यावर हवा खेळती असावी. पट्ट्या एकापुढे एक न जोडता समांतर जोडाव्यात, अन्यथा टोकाकडील प्रकाश मंदावतो.

एकूण प्रवाह ३ अँपिअर होतो. वीजपुरवठा-संचावर कायम पूर्ण भार पडू नये म्हणून तो १२ व्होल्ट, ५ अँपिअर क्षमतेचा घ्यावा. हा संच तयार, विलगित व मानांकित असावा. २३० व्होल्टची बाजू उघडून तीत फेरफार करू नयेत. संच कुंड्यांच्या वर, पाण्यापासून दूर बसवावा. पत्र्यास भूसंपर्क द्यावा आणि वीजजोडणी ३० मिलिअँपिअरच्या गळतीरोधक स्विचमधून घ्यावी.

कप्प्याच्या आतील बाजूंस पांढरा रंग द्यावा आणि दिवा रोपांच्या शेंड्यांपासून २० ते ३० सें.मी. उंच टांगावा. भौतिकशास्त्र विभागातील लक्समापकाने नऊ ठिकाणी मोजणी करावी. सरासरी १०,००० लक्स आढळल्यास अपेक्षित पातळी साधली असे समजावे. कडांकडे प्रकाश कमी पडत असल्याने ट्रे आलटून पालटून ठेवावेत.

मर्यादा :

संचातील हानी धरून सुमारे ४२ वॅट वीज लागते. १४ तासांप्रमाणे महिन्याला जवळजवळ १८ युनिट होतात. एवढ्या खर्चात मिळणारी भाजी बाजारातील जुडीपेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. टोमॅटो वा मिरचीसारख्या फळपिकांस हा प्रकाश अपुरा आहे. शेवंतीसारख्या लघुदिवसीय वनस्पतींस १४ तासांच्या प्रकाशात फुले येत नाहीत.

निष्कर्ष :

घरगुती एलईडी दिव्याचे खरे मूल्य रोपवाटिका, प्रात्यक्षिके आणि पावसाळ्यातील अखंड निरीक्षणे यांत आहे. वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र व अर्थशास्त्र या तिन्ही विभागांना एकत्र राबविता येईल असा हा अल्पखर्ची उपक्रम आहे. मात्र प्रकाश डोळ्यांनी अजमावण्याऐवजी मोजूनच ठरविला, तरच तो फलदायी ठरेल.