ट्रॅक्टरचा क्लच स्लिप मारतोय? प्लेट बदलण्याआधी पेडल मोजा



क्लच कसा खोलायचा ते व्हिडिओत दिसतं. पण खोलायचा की नाही हे कसं ठरवायचं, आणि त्यात आपला धंदा कुठे आहे, ते इथे सविस्तर लिहितोय. ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज काढायचा विचार असेल तर हे नीट वाचा.

उदाहरण बेलवलीचंच घेऊ. बेलवली आज बदलापूर शहरात मोडते, इमारती उठल्यात. पण शहर संपलं की मुरबाडकडे, वांगणीकडे भाताची शेतं आणि वीटभट्ट्या लागतात. त्यामुळे इकडचा ट्रॅक्टर दोन नोकऱ्या करतो. पावसाळ्यात रोटाव्हेटर लावून चिखलणी, आणि उरलेलं वर्ष विटा, माती, पाण्याचा टँकर ओढायचा. दोन्ही कामं क्लचच्या जिवावर उठणारी.

गिऱ्हाईक येतं आणि थेट सांगतं, "दादा, क्लच प्लेट गेली, बदलून टाका." नवा मेकॅनिक लगेच पाने काढतो, कारण समोर मजुरी दिसते. इथेच थांबा. प्लेट बहुतेक वेळा मार खाल्लेली असते, मारणारा दुसराच असतो. तो सापडला नाही तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाते.

हिशोब करून बघा. आकडे फक्त समजण्यासाठी घेतोय. मजुरी घेतली ४,००० रुपये. काम दोन माणसांचं, दोन दिवस, रोज ८०० धरला तर ३,२०० तिथेच गेले. हातात उरले ८००. आता महिन्याभरात तोच ट्रॅक्टर परत दारात उभा, कारण गळणारं ऑइल सील तसंच राहिलं होतं. पुन्हा ३,२०० तुमच्या खिशातून. म्हणजे काम करून २,४०० चा तोटा, वर नवी प्लेट कोणाच्या माथी यावर भांडण. आणि हे आवणीच्या दिवसांत घडलं तर शेतकऱ्याची रोपं राबात वाढत बसतात. तो पुढच्या वर्षी तुमच्याकडे येत नाही, आणि गावालाही येऊ देत नाही.

आता निदान. सगळ्यात आधी गिऱ्हाईकाला एकच प्रश्न विचारा: "लोड आला की इंजिनचा आवाज चढतो की बसतो?"

आवाज चढतो पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही, जळका वास येतो, तर क्लच स्लिप होतोय. आवाज बसतो, काळा धूर येतो, तर क्लचला हात लावू नका. एअर क्लीनर, डिझेल फिल्टर, इंजिन तिकडे बघा. आणि चिखलात मागची चाकं जागेवर फिरत असतील तर क्लच बिचारा आपलं काम चोख करतोय, पकड टायरला मिळत नाहीये. या एका प्रश्नावर कितीतरी ट्रॅक्टर न खोलताच परत जातात.

खात्री करायची असेल तर मोकळ्या सपाट जागेत, पुढे-मागे माणूस नाही हे बघून, दोन्ही ब्रेक जोडून घट्ट दाबा. वरचा गिअर टाका, रेस मध्यम ठेवा आणि क्लच हळूहळू सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन गुदमरून बंद पडतं. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर स्लिप नक्की. ही चाचणी एकदाच करा. गिऱ्हाईकाला दाखवायला चार वेळा केलीत तर उरलीसुरली प्लेट तुम्हीच जाळाल.

मॉडेलला दुहेरी क्लच असेल, जसा मॅसी फर्ग्युसन २४१ मध्ये मिळतो, तर आणखी एक गोष्ट बघा. ट्रॅक्टर ओढतो पण रोटाव्हेटर थांबतो, की रोटाव्हेटर फिरतो पण ट्रॅक्टर ओढत नाही? चाकांची प्लेट वेगळी आणि पीटीओची वेगळी असल्यामुळे, कुठली गेली ते खोलण्याआधीच कळतं.

स्लिप नक्की झाली की पट्टी घ्या आणि पेडल मोजा. पेडल हाताने हलकेच दाबायचं. जड लागेपर्यंत ते जितकं मोकळं जातं, ती मोकळी चाल, म्हणजे फ्री प्ले. बऱ्याच मॉडेलमध्ये ती २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असते, पण आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातलाच धरा.

ही चाल का महत्त्वाची? प्लेटचं लायनिंग झिजतं तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिची फिंगर रिलीज बेअरिंगच्या जवळ येतात. मोकळी चाल कमी होत होत शून्य होते. मग पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग फिंगरना दाबून धरतं, स्प्रिंगची पकड ढिली पडते, प्लेट घसरते, तापते आणि आणखी झिजते. वेळेवर लिंकेज ॲडजस्ट केलं असतं तर तीच प्लेट अजून चालली असती. त्यामुळे चाल शून्य दिसली तर आधी ती पुस्तकाप्रमाणे बसवा, पेडल आणि लिंकेज अडकत नाही ना बघा, आणि चाचणी घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. त्याचे पैसे जरूर घ्या, पण प्लेटचे घेऊ नका.

ड्रायव्हरच्या पायाकडेही बघा. पेडलवर पाय ठेवूनच चालवायची सवय, चढावर भरलेली ट्रॉली अर्ध्या क्लचवर धरून ठेवणं, हे मालकाला माहीत नसतं. मालकासमोर ड्रायव्हरला झापू नका, बाजूला घेऊन सांगा. पुढचा ट्रॅक्टर तोच तुमच्याकडे आणणार आहे.

चाल बरोबर असूनही स्लिप आहे, मग खाली वाका. क्लच हाउसिंगच्या तळाला तेल टपकतंय का? इंजिनचं तेल काळं पडलेलं असतं, तेव्हा क्रँकचं मागचं सील. गिअरबॉक्सचं तेल सहसा फिकट असतं, तेव्हा इनपुट शाफ्टचं सील. काही मॉडेलमध्ये चिखलणीच्या वेळी या भोकाला बूच लावतात, पाणी आत जाऊ नये म्हणून. हंगाम संपल्यावर ते काढायचं राहतं आणि गळकं तेल आतच साठतं. बूच दिसलं तर काढून बघा. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवायचा जुगाड करू नका. तेल लायनिंगमध्ये मुरलेलं असतं.

आता मात्र ट्रॅक्टर मधून वेगळा करावाच लागेल. बॅटरी काढा, मागच्या चाकांना ओट लावा. एक गोष्ट विसरायची नाही: पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका. नाहीतर वेगळं केल्याबरोबर इंजिनचा भाग कुशीवर कलंडेल. दोन्ही भागांखाली पक्के स्टँड हवेत, विटांची थप्पी चालणार नाही. आतली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं.

फ्लायव्हीलवर खोल चरे किंवा निळे डाग असतील तर लेथवर फेस मारून घ्या. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि सील आत्ताच बदला. परत खोलण्याच्या मजुरीपुढे त्यांची किंमत काहीच नाही, आणि गिऱ्हाईकाला हे असंच सांगा. प्लेट डमी शाफ्टने मधोमध धरूनच कसा, फिंगरची उंची सारखी लावा, शेवटी फ्री प्ले परत मोजा.

बिलावर तपासणी, मजुरी आणि पार्ट वेगवेगळे लिहा. जुने पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाईकाच्या हातात द्या. उद्यम नोंदणी नसेल तर करून घ्या. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आणि जुलैची वाट बघू नका. मे महिन्यात एक वही आणि पट्टी घेऊन गावात जा. एका दिवसात दहा ट्रॅक्टरचं पेडल मोजता येतं. थोडकी तपासणी फी ठेवा. मालकाचा नंबर, फ्री प्ले किती होता, हाउसिंगखाली तेल होतं का, एवढंच लिहा. ज्यांची ॲडजस्टमेंट संपत आलीय, त्यांना पाऊस पडायच्या आत फोन करा. गॅरेज रिकामं असताना केलेलं काम दोन दिवसांत निवांत होतं, आणि मालकही तेव्हा घाई करत नाही.