भट्टी बंद केली, मग उष्णता कुठून येते?

खारेपाटणची वेस ओलांडली की राजापूर तालुका लागतो. त्याच तालुक्यात जैतापूरला प्रत्येकी १७३० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. माणूस प्रकल्पाच्या बाजूचा असो वा विरोधातला, काही समज त्याने तपासून घ्यायलाच हवेत.

गैरसमज : भट्टी बंद केली की विझली.

युरेनियम-२३५ च्या अणुकेंद्रकात ९२ प्रोटॉन आणि १४३ न्यूट्रॉन असतात. ते दुभंगलं की तुकड्यांच्या वाट्याला गरजेपेक्षा जास्त न्यूट्रॉन येतात. स्थिर आयोडिनला ७४ पुरतात. भट्टीत तयार होणाऱ्या आयोडिन-१३१ मध्ये ७८ असतात. असे तुकडे पायरीपायरीने स्थिर होतात आणि प्रत्येक पायरीला उष्णता देतात. म्हणून विखंडनाची साखळी थांबवली तरी त्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. तासाभराने दीडेक टक्का, दिवसाने अर्धा. जैतापूरच्या एका भट्टीत साडेचार हजार मेगावॉट उष्णता धरली, तर सुरुवातीचा हा आकडा तीनशे मेगावॉटच्या आसपास जातो.

चुलीतली लाकडं बाहेर ओढली तरी निखारे धगधगत राहतात, तसंच हे. फरक एवढाच की निखारा पाण्याने विझतो. इथे पाणी उष्णता फक्त वाहून नेतं, ती निर्माण व्हायची थांबवू शकत नाही. २०११ मध्ये फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच बंद झाल्या होत्या. त्सुनामीने वीज गेली, पाणी फिरेनासं झालं आणि इंधन वितळलं.

गैरसमज : जादा न्यूट्रॉन बाहेर फेकला जातो.

बहुतेकदा न्यूट्रॉनचाच प्रोटॉन होतो आणि त्या क्षणी जन्मलेला इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. ब्रोमिन-८७ सारख्या थोड्या केंद्रकांपासून मात्र न्यूट्रॉनही सुटतो, तोही उशिराने. ब्रोमिन-८७ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रकं बदलायला लागणारा वेळ, सुमारे ५५ सेकंद. युरेनियमच्या भट्टीत असे न्यूट्रॉन शंभरात एकही भरत नाहीत, तरी भट्टी ताब्यात ठेवायला सवड मिळते ती त्यांच्यामुळेच. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

गैरसमज : आयोडिन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवस, म्हणजे सोळा दिवसांत सगळं संपलं.

सोळा दिवसांनी पाव भाग उरतो. हजारावा भाग उरायला ऐंशी दिवस लागतात.

गैरसमज : हे सगळं केव्हाच मोजून झालंय.

तुकडे स्थिर होताना गॅमा किरणही निघतात. जुन्या उपकरणांतून त्यातले बरेच जोरकस किरण निसटत, त्यामुळे प्लुटोनियमच्या विखंडनाच्या बाबतीत हिशेबातली गॅमा-उष्णता प्रत्यक्षापेक्षा कमी भरे. फिनलंडमधल्या युवास्कुला इथे टेक्नेशियमची न्यूट्रॉनबहुल केंद्रकं नव्या पद्धतीने मोजली गेली. २०१० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्या तुटीचा बराचसा उलगडा झाला.