एकशे अठ्ठावीस घरांचा संसार

पोस्टकार्डावर रोमन लिपीत पूर्ण पत्ता लिहू गेल्यास शंभर-सव्वाशे अक्षरे सहज खर्ची पडतात. आता अशी कल्पना करा, की एका यंत्राची सारी तात्पुरती स्मृती एवढ्याच अक्षरांची आहे, आणि त्या यंत्राकडून एक संपूर्ण खेळ वठवून घ्यावयाचा आहे : चक्रव्यूह, त्यातून धावणारा खादाड नायक, त्याच्या पाठीस लागलेली चार भुते, शिवाय गुणांची बेरीज आणि उरलेल्या प्राणांचा हिशेब.

असे यंत्र खरोखरच होते. अटारी या अमेरिकन कंपनीने १९७७ साली ते विक्रीस आणले. त्याचे नाव 'व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम'; पुढे ते '२६००' या अंकानेच ओळखले जाऊ लागले. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या या लहानशा संगणकाची स्मृती १२८ बाइटची, म्हणजे एकेका अक्षराची १२८ घरे असावीत, एवढीच होती.

आणि खेळ होता 'पॅक-मॅन'. जपानच्या नामको कंपनीतील तोरू इवातानी यांनी तो रचला व १९८० साली तो सार्वजनिक क्रीडागृहांतील नाणे टाकून चालवावयाच्या यंत्रांवर आला. घास गिळताना तोंडाची जी उघडझाप होते, तिला जपानीत 'पाकु-पाकु' म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. (आपण मराठीत 'मटामट' म्हणू.) चक्रव्यूहातील २४४ ठिपके गिळीत जावयाचे आणि भुतांना चुकवावयाचे, एवढाच खेळ. परंतु त्यातील गंमत भुतांच्या स्वभावात आहे. तांबडे भूत नायकाचा थेट पाठलाग करते. गुलाबी भूत तो जेथे पोहोचणार त्याच्या पुढचा रस्ता अडवू पाहते. नारिंगी भूत दुरून चाल करून येते आणि जवळ येताच पाय काढते.

क्रीडागृहातला हा खेळ घरी यावा, असे लक्षावधी मुलांना वाटत होते. १९८२ साली अटारीने त्याची घरगुती आवृत्ती काढली. तिच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या. आणि खेळावयास बसलेल्यांपैकी पुष्कळांची निराशा झाली. भुते सारखी लुकलुकत होती. चक्रव्यूह ओळखू येईना. बाजूची भुयारे वर-खाली गेली होती, फळाच्या जागी नुसता चौकोन आला होता आणि आवाज कर्कश होता. त्यानंतर कित्येक वर्षे या आवृत्तीचे नाव निघाले की लोक हसत, आणि यंत्रच दुबळे होते, असे म्हणून विषय संपवीत.

यंत्र दुबळे होते, हे खोटे नाही. संपूर्ण चित्र साठवून ठेवण्यास त्यात जागाच नव्हती. पडद्यावर प्रकाशाची एकेक ओळ उमटत जाते; ती उमटण्यापूर्वी क्षणभर आधी तिच्यात काय असावे, हे आज्ञावलीने सांगावयाचे, आणि हे सेकंदाला साठ वेळा, सर्व ओळींसाठी. त्यातही स्वतंत्रपणे हलणाऱ्या मोठ्या आकृत्या दोनच. खेळास तर पाच हव्यात! ती आवृत्ती लिहिणाऱ्या टॉड फ्राय यांनी एक आकृती नायकाला दिली आणि दुसरी चारही भुतांनी पाळीपाळीने वापरावी, अशी योजना केली. भुते लुकलुकत ती त्यामुळेच. पुन्हा दोघांनी आलटून पालटून खेळावयाचे, तर प्रत्येकाचा अर्धवट खाल्लेला चक्रव्यूह त्याच १२८ घरांत वेगळा लक्षात ठेवणे आले. सारी आज्ञावली ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवावयाची होती. त्याच कंपनीने लवकरच काढलेल्या 'मिस पॅक-मॅन'ला याच्या दुप्पट जागा मिळाली, आणि तो खेळ पुष्कळच उजवा ठरला.

वीस पानांचा मजकूर दोन पानांत बसविण्याचे काम ज्याने केले आहे, त्याला फ्राय यांची अडचण समजावून सांगावी लागत नाही.

सुमारे पंचवीस वर्षांनंतर एका हौशी कारागिराने हाच खेळ पुन्हा लिहावयास घेतला. यंत्र तेच, आणि जागाही तेवढीच, ४ किलोबाइट. मोबदल्याची आशा नव्हती. परंतु आता चक्रव्यूह मूळ खेळाशी जुळू लागला, भुयारे पुन्हा डावी-उजवीकडे आली आणि भुतांना आपापले रंग मिळाले. भुते निरनिराळ्या उंचीवर असतील, तर एकच आकृती वरच्या भुतासाठी वापरून लगेच खालच्यासाठीही वापरता येते; पाळी लावावी लागते ती फक्त ती एका पातळीवर आली तरच.

मग फ्राय यांना दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. त्यांच्यापुढे काही महिन्यांची मुदत होती आणि वाट दाखविणारे फारसे कोणी नव्हते. हौशी कारागिराला मुदत नव्हती. शिवाय त्याच्या हाताशी या यंत्राच्या खाचाखोचांचे पंचवीस वर्षे साठत आलेले ज्ञान होते. त्यात पहिल्या मंडळींच्या चुकाही आल्या. दुसऱ्या आवृत्तीने यंत्रावरचा आरोप बराचसा दूर केला. पण म्हणून तो आरोप उचलून पहिल्या लेखकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

अशा कामाला एक कायदेशीर काटाही असतो. पॅक-मॅनचे नाव व रूप यांवर हक्क मूळ कंपनीच्या वारसांचा आहे. स्वतःच्या श्रमाने घडविलेली ही वस्तू कारागिराला उघडपणे विकता येत नाही. कित्येक हौशी मंडळी म्हणूनच आपल्या कृतीतील नायकाचे नाव व चेहरा बदलून टाकतात.

अशी आवृत्ती जुन्या यंत्रात घालून पाहा. खेळ झपाट्याने चालतो, नायक वळेल तिकडे तोंड करतो. मात्र चार भुते एकाच ओळीत सापडली, की ती आजही थरथरू लागतात.